सीडी-४ ग्राही : रोगप्रतिकारातील कार्य, एचआयव्ही संसर्ग आणि सातारा-सांगली परिसर

सारांश

साहाय्यक टी-पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी-४ हे ग्राही प्रथिन निरोगी अवस्थेत संपूर्ण रोगप्रतिकाराचे नियोजन शक्य करते. एचआयव्ही हा विषाणू नेमक्या याच प्रथिनाला धरून पेशीत प्रवेश करतो. सातारा व सांगली या जिल्ह्यांत 'सीडी-४' ही संज्ञा प्रयोगशाळेतून बाहेर पडून असंख्य कुटुंबांच्या बोलण्यात आली. मात्र ती बहुधा एका आकड्याच्या रूपाने आली. उपचार सुरू करण्यासाठी हा आकडा खाली येण्याची वाट पाहावी लागते, ही समजूत आजही पूर्णपणे गेलेली नाही. प्रस्तुत लेखात सीडी-४ ची रचना, कार्य व संसर्गातील भूमिका स्पष्ट करून, या ग्राहीच्या जीवशास्त्रामुळेच उपचारविषयक धोरण कसे बदलले आणि त्या बदलाचा सामाजिक अर्थ काय, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : सीडी-४ ग्राही, साहाय्यक टी-पेशी, सीसीआर-५, एचआयव्ही, एआरटी, सातारा, सांगली.

१. प्रस्तावना

शरीरातील प्रत्येक पेशीला बाह्य जगाची जाणीव तिच्या पृष्ठभागावरील प्रथिनांद्वारे होते. या प्रथिनांना ग्राही असे म्हणतात. रोगप्रतिकार संस्थेतील पेशींच्या बाबतीत ग्राहींचे महत्त्व विशेष आहे. कारण आपले कोण व परके कोण, कोणावर हल्ला करायचा व कोणाला सोडून द्यायचे, हे निर्णय याच ग्राहींच्या आधारे घेतले जातात. अशा शेकडो ग्राहींपैकी सामान्य माणसापर्यंत नावानिशी पोहोचलेला ग्राही बहुधा एकच आहे आणि तो म्हणजे सीडी-४ होय.

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये चेन्नई येथे निदर्शनास आला. चेन्नईतील मराठी कुटुंबात जन्मलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, यांच्या पुढाकाराने ते संशोधन झाले होते. त्यानंतरच्या दोन दशकांत महाराष्ट्र हे या साथीने सर्वाधिक ग्रासलेल्या राज्यांपैकी एक ठरले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी देशातील जिल्ह्यांची वर्गवारी करण्यात आली, तेव्हा सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे 'अ' वर्गात गणले गेले. सर्वेक्षणात गरोदर स्त्रियांमधील संसर्गाचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आढळलेले जिल्हे या वर्गात होते. गरोदर स्त्रिया हा सर्वसाधारण समाजाचा निदर्शक गट मानला जातो. साथ विशिष्ट गटांपुरती मर्यादित न राहता घराघरांत पोहोचल्याची ती खूण होती.

पुढील काळात संसर्गाचे प्रमाण घटले, औषधे मोफत उपलब्ध झाली आणि आजाराचे स्वरूप प्राणघातक न राहता दीर्घकालीन झाले. परंतु 'सीडी-४ किती आहेत?' हा प्रश्न मात्र कायम राहिला. या प्रश्नाचे आजचे उत्तर समजून घ्यावयाचे असेल, तर प्रथम हा ग्राही काय करतो ते पाहणे आवश्यक आहे.

२. सीडी-४ चा शोध व रचना

१९७५ मध्ये कोहलर व मिलस्टाइन यांनी एकाच पेशीवंशातून एकसारखी प्रतिपिंडे मोठ्या प्रमाणावर मिळविण्याचे तंत्र विकसित केले. या प्रतिपिंडांच्या साहाय्याने सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसणाऱ्या लसीकापेशींमध्ये भेद करणे शक्य झाले. निरनिराळ्या प्रयोगशाळांनी त्याच प्रथिनांना निरनिराळी नावे दिल्यामुळे गोंधळ वाढू लागला. तो दूर करण्यासाठी १९८२ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेत 'सीडी' ही क्रमांकपद्धती स्वीकारण्यात आली. पेशींचे वर्गीकरण करणाऱ्या प्रतिपिंडांचा समूह, असा त्या अक्षरांचा आशय आहे. त्यामुळे सीडी-४ मधील चार हा आकडा केवळ अनुक्रम दर्शवितो; त्याचा पेशींच्या संख्येशी किंवा आजाराच्या पायरीशी काहीही संबंध नाही.

सीडी-४ हे सुमारे ५५ किलोडाल्टन वजनाचे ग्लायकोप्रथिन असून त्याचे जनुक मानवाच्या बाराव्या गुणसूत्रावर आहे. पेशीच्या बाहेर असणाऱ्या भागात एकापुढे एक असे चार खंड असतात. त्यांची घडण प्रतिपिंडांतील खंडांशी मिळतीजुळती असते. त्यानंतरचा छोटा भाग पेशीपटलातून आरपार जातो आणि शेवटचे आखूड शेपूट पेशीच्या आत असते. या शेपटाला एलसीके नावाचे विकर जोडलेले असते. बाहेरचे टोक ओळख पटविण्यासाठी व आतले टोक संदेश देण्यासाठी, अशी ही विभागणी आहे.

साहाय्यक टी-पेशी हे सीडी-४ चे मुख्य स्थान होय. त्याखेरीज मोनोसाइट, महाभक्षी पेशी व काही वृक्षिकाकार पेशी यांच्यावरही ते कमी प्रमाणात आढळते.

३. निरोगी शरीरातील कार्य

जंतू शरीरात शिरल्यानंतर महाभक्षी व वृक्षिकाकार पेशी त्याला गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे एमएचसी वर्ग-२ या प्रथिनांच्या खोबणीत ठेवून पृष्ठभागावर मांडतात. साहाय्यक टी-पेशी आपल्या टी-पेशी ग्राहीच्या साहाय्याने हा तुकडा तपासते. त्याच वेळी सीडी-४ हे एमएचसी वर्ग-२ प्रथिनाच्या न बदलणाऱ्या भागाला बाजूने धरते.

खरेदीखताच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. दस्तावर पक्षकाराची सही असली तरी साक्षीदाराच्या सहीवाचून नोंदणी पुरी होत नाही. येथे टी-पेशी ग्राही हा पक्षकार आहे. समोरचा तुकडा नेमका कोणता हे तो ओळखतो. सीडी-४ हा साक्षीदार आहे. तुकडा योग्य त्या प्रथिनावर मांडलेला आहे, याची तो खात्री देतो. साक्ष पटताच आतील एलसीके विकर कार्यान्वित होते आणि पेशीच्या केंद्रकापर्यंत संदेशांची साखळी सुरू होते.

जागृत झालेली साहाय्यक टी-पेशी स्वतः जंतूला सहसा मारत नाही. तिचे काम इतरांना कामाला लावण्याचे असते. ती सायटोकाइन नावाची संदेशक प्रथिने स्रवते. त्यांच्या प्रभावाने बी-पेशी उच्च प्रतीची प्रतिपिंडे तयार करतात, सीडी-८ गटातील मारक टी-पेशींची स्मृती टिकते आणि महाभक्षी पेशींची जंतू पचविण्याची क्षमता वाढते. बालकांना दिल्या जाणाऱ्या अनेक लशींचे संरक्षण दीर्घकाळ टिकते, यामागेही या पेशींचे साहाय्य असते.

क्षयरोगाचे उदाहरण भारतीय संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. क्षयरोगाचा जिवाणू महाभक्षी पेशीच्या पोटातच दडून राहतो. सीडी-४ पेशी इंटरफेरॉन-गॅमा स्रवतात तेव्हाच महाभक्षी पेशी त्याला काबूत ठेवू शकते. संसर्ग झालेल्या बहुसंख्य व्यक्तींना प्रत्यक्ष आजार होत नाही, याचे एक प्रमुख कारण म्हणजे सीडी-४ पेशींचा हा अखंड पहारा होय.

४. तोल ढळल्यास

साहाय्यक पेशींची शक्ती जशी उपकारक, तशीच ती अनावर झाल्यास अपायकारक ठरते. संधिवाताभ सांधेदुखी, पहिल्या प्रकारचा मधुमेह, सिलिअ‍ॅक विकार यांसारख्या व्याधींत सीडी-४ पेशी शरीराच्याच घटकांविरुद्ध किंवा निरुपद्रवी अन्नघटकांविरुद्ध प्रतिक्रिया देतात. या व्याधींचा धोका एमएचसी वर्ग-२ च्या विशिष्ट आनुवंशिक प्रकारांशी जोडलेला आढळतो. सीडी-४ व वर्ग-२ यांचे नाते पाहता हे स्वाभाविकच आहे.

हा अतिरेक आवरणाऱ्या पेशीसुद्धा सीडी-४ गटातच आहेत. जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये सीडी-४ व सीडी-२५ ही दोन्ही प्रथिने धारण करणाऱ्या नियामक टी-पेशी दाखवून दिल्या. या विषयातील कार्याबद्दल त्यांना मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासमवेत २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजेच चालना देणारे व लगाम घालणारे असे दोन्ही घटक एकाच ग्राहीच्या छत्राखाली नांदतात. हा गट नष्ट झाला तर शरीर केवळ दुबळे होत नाही. त्याचा तोलही जातो. एचआयव्ही संसर्गात नेमके हेच घडते.

५. विषाणूने शोधलेली वाट

१९८४ मध्ये फ्रान्स व ब्रिटन येथील दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे असे दाखवून दिले की, सीडी-४ ला प्रतिपिंडांनी झाकले असता एचआयव्ही पेशीत शिरू शकत नाही. विषाणूचा ग्राही सापडला होता. मात्र एक कोडे शिल्लक होते. मानवी सीडी-४ बसविलेल्या उंदराच्या पेशींत विषाणू चिकटत असे, पण आत जात नसे. या कोड्याचे उत्तर १९९६ मध्ये मिळाले. सीडी-४ सोबत विषाणूला सीसीआर-५ किंवा सीएक्ससीआर-४ यांपैकी एका सहग्राहीचीही आवश्यकता असते.

प्रवेशाची क्रिया अशी घडते. विषाणूच्या आवरणावरील जीपी-१२० हे प्रथिन सीडी-४ च्या सर्वांत बाहेरच्या खंडाला चिकटते. त्यामुळे जीपी-१२० चा आकार बदलतो व त्याचा आजवर झाकलेला भाग उघडा पडून सहग्राहीला जुळतो. त्यानंतर जीपी-४१ हे प्रथिन पेशीपटलात भाल्यासारखे घुसते आणि विषाणूचे आवरण व पेशीचे पटल एकजीव होतात. दाराला बाहेरून कडी व आतून अडसर असावा, तशी ही रचना आहे. कडी निघाल्यावाचून अडसरापर्यंत हात पोहोचत नाही आणि अडसर निघाल्यावाचून दार उघडत नाही.

या अडसराचे महत्त्व निसर्गानेच दाखवून दिले. सीसीआर-५ च्या जनुकातील ३२ घटकांचा तुकडा गळालेला असेल आणि तो दोष आई व वडील या दोघांकडून आलेला असेल, तर त्या व्यक्तीला सीसीआर-५ वर अवलंबून असणाऱ्या विषाणूचा संसर्ग सहसा होत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या सुमारे एक टक्का लोकांत ही स्थिती आढळते. भारतीयांत हे उत्परिवर्तन अत्यंत विरळ आहे. भारतात आढळणारा एचआयव्ही प्रामुख्याने 'सी' उपप्रकाराचा असून तो मुख्यतः सीसीआर-५ चाच वापर करतो. त्यामुळे 'आपल्याकडच्या लोकांची प्रतिकारशक्ती उपजतच वेगळी आहे' या समजुतीला कोणताही आधार उरत नाही.

टिमथी रे ब्राउन या रुग्णाला रक्ताच्या कर्करोगासाठी २००७ मध्ये बर्लिन येथे अशा दात्याच्या मूलपेशी देण्यात आल्या आणि त्याच्या शरीरातून एचआयव्ही नाहीसा झाला. तथापि मूलपेशी प्रत्यारोपण ही स्वतःच जिवावर बेतू शकणारी प्रक्रिया असल्याने तिचा सर्रास उपचार म्हणून विचार होऊ शकत नाही. याच ज्ञानातून सीसीआर-५ ला अडविणारे मॅराव्हिरॉक हे औषध २००७ मध्ये व सीडी-४ ला चिकटून विषाणूचा प्रवेश रोखणारे इबालिझुमॅब हे प्रतिपिंड २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

६. सीडी-४ पेशींचा ऱ्हास

संसर्गानंतर पेशी कमी का होतात, याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. काही पेशी विषाणूच्या निर्मितीमुळे मरतात, तर काहींना मारक टी-पेशी नष्ट करतात. परंतु लसीका ग्रंथींतील बहुसंख्य पेशी वेगळ्याच कारणाने मरतात, असे २०१३-१४ मधील संशोधनातून दिसून आले. विषाणू त्यांच्यात शिरतो, पण त्याची वाढ अर्धवट राहते. विषाणूच्या जनुकीय तुकड्यांची चाहूल लागताच ती पेशी दाहकारक पद्धतीने आत्मनाश करते. या दाहामुळे आणखी सीडी-४ पेशी तेथे ओढल्या जातात व त्याही बळी पडतात. असे हे दुष्टचक्र आहे.

येथे दोन बाबी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, आतड्यांच्या अस्तरातील सीडी-४ पेशींचा मोठा संहार संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच होतो. शरीरातील एकूण लसीकापेशींपैकी केवळ दोन टक्क्यांच्या आसपास पेशी रक्तात असतात. त्यामुळे रक्ताच्या तपासणीत आकडा चांगला दिसत असतानाही ऊतींमध्ये हानी झालेली असते. दुसरी, काही सीडी-४ स्मृतिपेशींच्या गुणसूत्रांत विषाणू सुप्तावस्थेत दडून राहतो. औषधे त्याची वाढ थांबवितात, परंतु हा साठा पुसून टाकू शकत नाहीत. औषधे आयुष्यभर घ्यावी लागण्याचे कारण हेच होय.

७. सातारा-सांगलीचा संदर्भ

या दोन जिल्ह्यांचा पश्चिम भाग कृष्णा-कोयनेच्या पाण्याने समृद्ध आहे, तर माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा पूर्व भाग परंपरेने दुष्काळी आहे. साताऱ्याच्या डोंगरी व दुष्काळी तालुक्यांतील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत व पुढे माथाडी कामात गेले. खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या कामानिमित्त देशाच्या कानाकोपऱ्यात पसरले. पुणे-बंगळूर महामार्ग याच पट्ट्यातून जातो. स्थलांतर हा काही रोग नव्हे. परंतु कुटुंबापासूनचा दीर्घ विरह संसर्गाची शक्यता वाढवितो आणि एका ठिकाणी नोंदणी करून नियमित औषधे घेणे अवघड करतो, हे सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासातून सर्वत्र दिसून आले आहे.

याच परिसरात प्रतिबंधाचे एक महत्त्वाचे प्रारूपही उभे राहिले. मीना शेषू यांनी १९९२ मध्ये सांगलीत सुरू केलेल्या 'संग्राम' या संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना उपदेशाचा विषय न मानता त्यांच्याकडेच माहिती व निरोध पोहोचविण्याचे काम सोपविले. १९९६ मध्ये या स्त्रियांची स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' स्थापन झाली. त्याच वर्षी, १९९२ मध्ये, पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली होती. एकीकडे वस्तीतील काम व दुसरीकडे प्रयोगशाळेतील संशोधन असे दोन प्रवाह पश्चिम महाराष्ट्रात एकाच काळात वाहू लागले.

औषधांची कहाणीसुद्धा महाराष्ट्राशी निगडित आहे. तीन औषधांचा एकत्रित उपचार १९९६ पासून पाश्चात्त्य देशांत उपलब्ध होता. परंतु त्याचा वार्षिक खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने वर्षाला ३५० डॉलर म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी दरात तो देऊ केला. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत एआरटी देण्यास प्रारंभ केला आणि पुढील वर्षांत ही सोय जिल्ह्यांच्या शासकीय रुग्णालयांपर्यंत पोहोचली.

८. आकडा कसा मिळतो व काय सांगतो

एआरटी केंद्रात घेतलेल्या रक्तात सीडी-४ ला चिकटणारी व प्रकाशमान रंगद्रव्य जोडलेली प्रतिपिंडे मिसळली जातात. फ्लो सायटोमीटर या यंत्रातून पेशी एकेक करून लेसर किरणासमोरून जातात आणि चमकणाऱ्या पेशींची मोजदाद होते. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये निरोगी प्रौढ व्यक्तीच्या शरीरात साधारणतः ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात.

हा आकडा स्थिर नसतो. सकाळ व संध्याकाळ यांत त्यात फरक पडतो. ताप किंवा अन्य संसर्ग असल्यास तो तात्पुरता उतरतो. गरोदरपणात रक्तातील द्रवभाग वाढल्याने तो कमी दिसतो. पाच वर्षांखालील बालकांत तो मुळातच जास्त असल्याने त्यांच्याबाबतीत एकूण लसीकापेशींतील सीडी-४ चे शेकडा प्रमाण पाहिले जाते. म्हणून दोन तपासण्यांत पन्नास-साठचा फरक पडला तर लगेच हर्ष किंवा विषाद मानण्याचे कारण नसते.

मात्र पातळी फार खाली गेल्यास तिचा अर्थ गंभीर असतो. २०० च्या खाली न्यूमोसिस्टिस जंतूमुळे होणारा न्यूमोनिया, १०० च्या खाली क्रिप्टोकॉकस बुरशीमुळे होणारा मेंदूज्वर व मेंदूतील टोक्सोप्लाझ्मा संसर्ग, तर ५० च्या खाली दृष्टी हिरावू शकणारा सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग यांचा धोका वाढतो. क्षयरोग मात्र कोणत्याही पातळीवर उद्भवू शकतो. सुप्त क्षयसंसर्ग असलेल्या निरोगी व्यक्तीला प्रत्यक्ष आजार होण्याची शक्यता संपूर्ण आयुष्यात सुमारे पाच ते दहा टक्के असते. उपचार न घेणाऱ्या एचआयव्हीबाधित व्यक्तीत जवळजवळ तेवढाच धोका दर वर्षी असतो. खोकला, ताप, वजनातील घट व रात्रीचा घाम या चार लक्षणांची चौकशी एआरटी केंद्रात प्रत्येक भेटीत केली जाते, ती याच कारणाने.

९. वाट पाहण्याचे धोरण आणि त्याचा त्याग

२००४ मध्ये मोफत उपचार सुरू झाले तेव्हा लक्षणे नसलेल्या व्यक्तीला औषधे मिळण्यासाठी सीडी-४ ची संख्या २०० च्या खाली असणे ही प्रमुख अट होती. औषधे मर्यादित होती, काहींचे दुष्परिणाम तीव्र होते आणि सर्वाधिक आजारी व्यक्तीला प्राधान्य देणे भाग होते. त्या परिस्थितीत हे धोरण समजण्याजोगे होते. परंतु त्यातून समाजमनात एक समीकरण रुजले : आकडा चांगला असेल तर औषधाची गरज नाही. रुग्णाला आपला आकडा 'पुरेसा खाली' येईपर्यंत थांबण्यास सांगितले जाई आणि या मधल्या काळात अनेकजण केंद्राच्या संपर्काबाहेर जात. पुन्हा येत ते क्षयरोग घेऊनच.

जीवशास्त्राने ही वाट पाहणे चुकीचे ठरविले. २००६ मधील 'स्मार्ट' चाचणीत सीडी-४ च्या आकड्यानुसार औषधे थांबविणे व पुन्हा सुरू करणे घातक असल्याचे आढळले. २०११ मध्ये 'एचपीटीएन ०५२' या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. तीत १,७६३ जोडपी सहभागी होती व पुणे हे तिच्या केंद्रांपैकी एक होते. बाधित जोडीदाराला लवकर उपचार दिल्यास दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे तीत दिसून आले. २०१५ मधील 'स्टार्ट' चाचणीत तर सीडी-४ ची संख्या ५०० च्या वर असतानाच उपचार सुरू केल्यास गंभीर आजार व मृत्यू यांचे प्रमाण ५७ टक्क्यांनी कमी होते, हे सिद्ध झाले. सहाव्या भागात नोंदविलेली बाब येथे पुन्हा पाहावी. ऊतींतील हानी आकड्याच्या आधी सुरू होते. म्हणून आकडा घसरण्याची प्रतीक्षा म्हणजे हानी होऊ देण्याची प्रतीक्षा ठरते.

भारतात ही मर्यादा टप्प्याटप्प्याने २०० वरून ३५० व पुढे ५०० पर्यंत वाढविण्यात आली आणि २०१७ मध्ये ती पूर्णतः काढून टाकण्यात आली. आज निदान झालेल्या प्रत्येक व्यक्तीला, सीडी-४ ची संख्या कितीही असो, उपचार देय आहेत. २०१८ पासून उपचारांचे यश जोखण्यासाठी विषाणूभार, म्हणजे बोलीतील 'व्हायरल लोड', तपासण्यावर भर दिला जातो. सीडी-४ तपासणी निरुपयोगी झालेली नाही; उशिरा आलेल्या रुग्णाला कोणत्या संधिसाधू संसर्गांचा धोका आहे व कोणती प्रतिबंधक औषधे द्यावयाची, हे ती आजही सांगते. बदलले आहे ते तिचे स्थान. पूर्वी ती उपचारांच्या दारावरील पहारेकरी होती. आता ती आत आलेल्या व्यक्तीची देखभाल करणारी सहायक आहे.

१०. ग्राहीचे शास्त्र व सामाजिक गैरसमज

एचआयव्हीबाबतचे बहुतेक गैरसमज सीडी-४ चे स्थान लक्षात घेतल्यास आपोआप दूर होतात. अखंड त्वचेच्या वरच्या, निर्जीव थरात विषाणूला वाढण्याजोग्या जिवंत पेशीच नसतात. त्यामुळे हस्तांदोलनाने, एका बाकावर बसल्याने किंवा एका ताटात जेवल्याने संसर्ग होत नाही. डासाच्या शरीरात मानवी सीडी-४ धारण करणाऱ्या पेशी नसल्याने तेथे विषाणूची वाढ होत नाही व तो पसरतही नाही. याउलट रक्त, जननमार्गाचे अस्तर व आतड्यांचे अस्तर येथे या पेशी विपुल असतात आणि संसर्गाचे मार्गही तेच आहेत. मातेकडून बालकाकडे होणारा संसर्ग मातेच्या नियमित उपचारांनी बहुतांशी टाळता येतो.

यापुढची वस्तुस्थिती अजून पुरेशी पोहोचलेली नाही. नियमित औषधांनी विषाणूभार तपासणीत न सापडण्याइतका कमी राहिलेल्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधाद्वारे संसर्ग होत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टपणे नमूद केले आहे. विवाह, अपत्यप्राप्ती, नोकरी यांविषयीच्या निर्णयांत हे ज्ञान निर्णायक ठरू शकते.

कायदाही या ज्ञानाशी सुसंगत आहे. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. शिक्षण, नोकरी, निवास व आरोग्यसेवा यांत बाधित व्यक्तीशी भेदभाव करण्यास तो मनाई करतो. संमतीवाचून तपासणी करणे व माहिती उघड करणे यांवरही त्याने निर्बंध घातले आहेत. शंभर किंवा अधिक व्यक्ती असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. बहुतेक मोठी महाविद्यालये या व्याख्येत येतात, ही बाब प्राध्यापकवर्गाने विशेषत्वाने ध्यानात घेण्यासारखी आहे.

११. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) सीडी-४ हा साहाय्यक टी-पेशींचा ओळख पटविणारा ग्राही असून प्रतिपिंडनिर्मिती, पेशीजन्य संरक्षण व आत्म-सहनशीलता ही तिन्ही कार्ये त्याच्या गटातील पेशींवर अवलंबून आहेत.

२) एचआयव्ही याच ग्राहीचा सीसीआर-५ वा सीएक्ससीआर-४ यांच्यासह प्रवेशासाठी वापर करतो. या प्रक्रियेचे ज्ञान नवीन औषधांचा पाया ठरले आहे.

३) रक्तातील सीडी-४ ची संख्या ही शरीरातील हानीची उशिरा उमटणारी खूण आहे. म्हणून तिच्या घसरणीची वाट न पाहता निदान होताच उपचार सुरू करणे शास्त्रसंमत आहे.

४) सातारा-सांगलीसारख्या स्थलांतरबहुल जिल्ह्यांत जुन्या धोरणाची आठवण अद्याप टिकून असल्यास ती उपचारांना विलंब घडवू शकते. ती दूर करणे हे आरोग्यसेवकांइतकेच शिक्षकांचेही कार्य आहे.

दरवर्षी १ डिसेंबरला रेड रिबन क्लब व राष्ट्रीय सेवा योजना यांच्या वतीने महाविद्यालयांत व्याख्याने होतात. त्यांत संसर्गाचे मार्ग सांगितले जातात, घोषणाही दिल्या जातात. परंतु विषाणू पेशीत नेमका कसा शिरतो, हे क्वचितच समजावून दिले जाते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला ते आकृतीसह व अन्य शाखांच्या विद्यार्थ्यांना साध्या उदाहरणांनी सांगता येते. वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी त्या दिवशीही औषधाची गोळी वेळेवर घेतली जात असेल, याची जाणीव ठेवून ते सांगितले जावे. त्या घरातील माणसाचा आकडा विचारण्याचा अधिकार कोणाला नाही. मात्र तो आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे सर्वांना ठाऊक असणे आवश्यक आहे.